अकरा ठोकळ्यांचं दशक

“सहादूकाका आहेत का?”

हाक ऐकली आणि प्रज्ञाच्या हातातलं फडकं थांबलं. वर्कशॉपचं शटर अर्धंच वर होतं. त्याखालून वाकून एक तरुण आत डोकावत होता – पाठीला सॅक, चपलांवर वस्तीच्या रस्त्याची पांढरी धूळ, हातात चौकटीच्या कागदाची गुंडाळी.

“नाहीत,” ती म्हणाली.

“मग शनिवारी येऊ? बाजाराच्या दिवशी भेटतील ना?”

गेल्या पाच महिन्यांत काष्टीत हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं.

“ते गेले... श्रावणात. मी त्यांची मुलगी.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. पण चार ठरलेले शब्द बोलून तो वळला नाही. आत आला आणि कडेच्या ओंडक्यावर बसला. मग म्हणाला, “आमच्या वर्गाचं दार त्यांनी बसवलंय. दोन पावसाळे झाले म्हणे, पण अजून कुठे घासत नाही. एका बोटानं लागतं. पहिलीतलं पोरसुद्धा लावतं.”

इतके लोक भेटायला येऊन गेले होते. ‘फार चांगला माणूस’ सगळेच म्हणाले होते. दाराबद्दल कुणी बोललं नव्हतं. प्रज्ञानं त्याला पाण्याचा तांब्या दिला.

तो महेंद्र, पुणतांब्याचा. जूनमध्ये बदली होऊन गावाबाहेरच्या वस्तीवरच्या शाळेत आलेला. पहिली-दुसरीचा वर्ग एकटाच सांभाळायचा. त्यानं कागद उलगडला. दहा सेंटीमीटरचे लाकडी दांडे काढले होते, आणि एका दांड्याला नऊ ठिकाणी रेघा.

“हा दांडा म्हणजे दशक. आणि असाच एक दांडा नऊ जागी कापला की दहा सुटे. पोरांच्या हातात दिलं की बघा! फळ्यावरचा दहा त्यांना दिसतो, पण हातात येत नाही ना...”

तो हातवारे करत सांगत होता, जणू पोरं समोरच बसली होती. तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

“पण मी हे बंद करतेय,” ती म्हणाली. “महिनाअखेरीस श्रीगोंद्याचा माणूस मशीन घेऊन जाणार. मग मी पुण्याला... नोकरीवर परत.”

“अजून बारा दिवस आहेत,” तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. “म्हणजे... तुम्हाला जमलं तर.”

आतून आईनं, पुष्पावतीबाईंनी आवाज दिला, “पोरांचं काम हाय, न्हाई कशाला म्हन्तीस? त्यांनी म्हटलं असतं का?”

प्रज्ञानं कागद हातात घेतला. बाबा नाही म्हणाले नसते.

कटर मशीनला ती बाबा गेल्यापासून शिवली नव्हती. तिनं खुंटीवरची बारीक दातांची हातकरवत काढली. लहानपणी सुट्टीत बाबांनी हात धरून शिकवलं होतं – जोर लावू नको, करवतीला जाऊ दे. सागाचा एक तुकडा उचलला तर त्यावर बाबांची पेन्सिलची रेघ होती, बाजूला त्यांच्या हातचा आकडा. बराच वेळ तिनं रंधा चालवलाच नाही. मग चालवला. रेघ गेली. तिनं डोळे पुसले आणि दुसरी बाजू घेतली.

चार दिवसांत वीस अखंड दांडे आणि दोनशे सुटे ठोकळे तयार झाले. पॉलिश पेपरनं एकेक कोपरा घासून तिनं तो गुळगुळीत केला. बाबांच्या दुकानातून जाणारा हा शेवटचा माल. त्याला कुणी नावं ठेवायला नको.

महेंद्र ठोकळे घेऊन गेला आणि दोनच दिवसांनी परत आला. या वेळी तो वाकून डोकावला नाही. धावतच आत आला.

“आमच्या वर्गातल्या पंकजाला दशक करायला अकरा ठोकळे लागले!”

“काय?”

त्यानं बाकावर एक दांडा ठेवला आणि त्याला लागून ठोकळे मांडले. एक, दोन... दहा. दांडा अजून उरलाच होता. अकरावा ठेवला तेव्हा कुठे टोकाला टोक लागलं.

प्रज्ञाचे कान तापले. तिला एका क्षणात कळलं. करवत जिथून जाते तिथलं लाकूड भुसा होऊन जातं. नऊ काप, दर कापाला एक मिलीमीटर. जवळजवळ एक अख्खा ठोकळा करवतीनं खाल्ला होता! बाबांना हे झोपेत कळलं असतं. कागद बघताच ते म्हणाले असते, ‘सर, असं नसतं कापायचं.’ आणि ती मात्र रेघांवर रेघा कापत गेली.

“परत द्या सगळे,” तिनं त्याच्या हातातल्या पिशवीकडे हात पुढे केला. “बाबांच्या दुकानातून असला माल कधी गेला नाही. मी... मी देऊन चुकले.”

“परत?” महेंद्रनं पिशवी छातीशी धरली. “अहो, वर्गात भांडणं लागलीत! एक म्हणतो, ठोकळे थंडीनं आकसले. एकजण म्हणतो, उंदरानं खाल्ले. आणि पंकजा म्हणते, सर, तुमचंच चुकलं, दशक अकराचंच असतं. आठ महिने मी ओरडून शिकवतोय, पण मला खोटं पाडावं असं कुणाला वाटलं नव्हतं. तुमच्या ठोकळ्यांनी ते केलं. आणि चूक माझी आहे. कागद मी काढलाय.”

“मग सांगून टाका त्यांना, का ते.”

“मी नाही सांगणार. तुम्ही या.” तो जरा थांबला. “करवत घेऊन... म्हणजे, पोरांना दाखवायला.”

“पोरांनाच ना?” तिनं विचारलं.

तो मान खाली घालून ठोकळे भरू लागला. त्यातले दोन खाली पडले.

शुक्रवारी ती गेली. दार खरंच एका बोटानं लागलं. चोवीस पोरं गोल करून बसली होती आणि त्यांच्यात महेंद्रही, मांडी घालून, त्यांच्याच उंचीचा व्हायला पाठ वाकवून. “ताई आल्या! ताई आल्या!” एकच गलका झाला. सगळी पोरं तिला ताई म्हणाली. महेंद्रनं मात्र ते एकदाही म्हटलं नाही, आणि हे तिच्या लक्षात आलं.

तिनं खाली वर्तमानपत्र पसरलं, दांडा धरला, एक काप घेतला. कागदावर पिवळसर भुशाची चिमूट पडली.

“हे काय?”

“भुसा!” चोवीस आवाज.

“आधी कुठं होता?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग पंकजा, दोन वेण्यांची, गुडघ्यावर उभी राहिली. “लाकडात हुता! ताई, त्यो लाकडातच हुता!”

प्रज्ञानं उरलेले आठ काप घेतले. पोरं श्वास रोखून बघत होती. पंकजानं सगळा भुसा तळहातावर घेतला, दहा ठोकळे दांड्याला लावले आणि उरलेल्या जागेत भुसा भरून बोटानं दाबू लागली. “आता झालं का दहा, सर?”

“तुला काय वाटतं?”

“झालं... पन वारं आलं तर जाईल.”

“मग काय करायचं?”

पंकजानं बराच विचार केला. “दांडा आधीच मोठा घ्यायचा. करवतीला खायला धरून.”

महेंद्र हसला नाही, ‘शाब्बास’ म्हणाला नाही. त्यानं फक्त दोन्ही हात जोडून त्या सहा वर्षांच्या पोरीला मान लववली, आणि पोरगी लाजून वेणी चावू लागली. उत्तर त्याच्या ओठांवर होतं, ते प्रज्ञाला दिसत होतं. तरी त्यानं ते गिळलं होतं, पंकजाला सापडेपर्यंत. इतका धीर तिनं आजवर एकाच माणसात पाहिला होता. हातावर हात ठेवून, न ओढता, करवत चालू देणाऱ्या.

निघताना तो फाटकापर्यंत आला.

“रविवारी येणार ना तो... मशीन न्यायला?”

“हो.”

“मग... नीट जा पुण्याला.”

“एवढंच?”

तो फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. “एवढंच नाही. पण बाकीचं मला वर्गासमोरही बोलता येणार नाही, आणि वर्गाशिवायही.”

ती हसत हसत घरी आली. आणि संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, तिनं श्रीगोंद्याला फोन लावला.

“टेम्पो पाठवू नका. मशीन द्यायचं नाही.”

आई दारात उभी होती. “पोरी, माझ्यासाठी ऱ्हाऊ नगंस हां. मी खमकी हाय.”

“तुझ्यासाठी नाही गं. ते दोनशे ठोकळे मला नीट करून द्यायचेत. आणि दुसऱ्या शाळांनाही लागतील. पुण्याच्या नोकरीचं उद्या कळवते.”

“आनि मास्तर?”

“आई!”

रविवारी महेंद्र आला तो निरोप द्यायच्या तयारीनं. इस्त्रीचा शर्ट, हातात पेरूंची पिशवी. बघतो तर शटर पूर्ण वर, आणि प्रज्ञा ओढणी खोचून मशीनपाशी उभी.

“टेम्पो?”

“नाही येणार. उभे काय राहिलात? फळी धरा त्या टोकाला.”

त्यानं पिशवी ठेवली, फळी धरली. प्रज्ञानं एकदा डोळे मिटले. मग बटण दाबलं.

पाच महिन्यांनी मशीन घरघरलं. पातं फिरू लागलं आणि भुशाचा ताजा वास उसळला. फळी सरळ पुढे सरकत होती. समोर महेंद्र काहीतरी बोलत होता. घाईघाईनं, मान खाली घालून, मशीनच्या आवाजाच्या आडोशाला. त्याचे ओठ हलत होते. शेवटचा शब्द बोलून त्यानं वर पाहिलं.

तिनं मशीन बंद केलं. पातं फिरत फिरत थांबलं. वर्कशॉपभर एकदम शांतता पसरली.

“काही म्हणालात?”

“मी? छे... म्हणजे, फळी जड आहे म्हटलं.”

“बरंच लांब बोललात, फळीच्या मानानं.”

त्याचे कान लाल झाले. त्यानं श्वास घेतला. “तुम्ही थांबलात हे फार बरं झालं, म्हटलं.”

“शाळेसाठी?”

“शाळेसाठी... नाही. पंकजासाठीही नाही.” तो अडखळला, मग तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “माझ्यासाठी. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी पाणी दिलंत, तेव्हापासून. आता पुन्हा मशीनआड नाही बोलणार.”

तिनं उत्तर द्यायची घाई केली नाही. त्याच्या केसांवर भुसा बसला होता. तिनं हात लांब करून तो झटकला, जरा जास्तच सावकाश.

“महेंद्र,” ती म्हणाली, “आधी मला ‘तुम्ही’ म्हणणं बंद कर. आणि दुपारी इथेच जेव. आईला मी सकाळीच सांगून ठेवलंय.”