निळ्या मगावरचं दार

बसा, चहा ओततेच आहे. तो निळा मग मात्र खाली ठेवा. त्यात मी पाहुण्यांना देत नाही.

इंग्लंडात बर्स्लेमला, फर्निहोच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात मी छाप चिकटवायचे. चित्र कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर निळा ठसा निघायचा. तो भाजलेल्या मातीच्या मगावर पालथा घालून ब्रशने घासायचा, पाण्यात कागद सोडवायचा, की चित्र मगावर राहायचं. त्या हिवाळ्यात मालकाने नवी भट्टी बांधली आणि तिची आठवण म्हणून मग काढायला लावले. चित्रात विटांनी दार बुजवलेली भट्टी, आणि पुढे उंच टोपी घालून, पोट पुढे काढून स्वतः मालक.

माझा धाकटा भाऊ इनॉक भट्टीत माल रचायचा. थंडीत ही माणसं काम उरकलं की तिथंच डुलकी काढत, आधीच्या भाजणीची ऊब विटांत असते ना. एकदा आत न पाहताच दार बुजवलं आणि जाळ लावला.

जाळ घालणारा जेबेझ मालकाकडे धावला. पुढे त्यानेच मला रडत सांगितलं.

"मालक, आतून कुणीतरी ठोकतंय..."

"विटा तापल्या की वाजतातच रे."

"इनॉक कुठं दिसत नाही, मालक..."

"पडला असेल कुठंतरी ढोसून. दार फोडलं तर सगळा माल जाईल. कोळसा घाल."

पुरायला मला मूठभर राख मिळाली. इतका संताप होता की रडू येईना. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मगावर कागद घासताना मी पुटपुटायचे, "इनॉक, बाहेर ये."

ते मग दुसऱ्यांदा भाजून आले, तर चित्रातलं दार उघडं! तांब्याच्या पत्र्यावर ते बंदच होतं. मालक खवळला, सगळे मग फोडायला लावले. पुढच्या भाजणीत उघड्या दारात एक काळी आकृती होती आणि तिचा हात मालकाच्या कोटाला लागला होता. मगांना जळक्या लोकरीचा वास येत होता.

मालक माझ्या बाकापाशी आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"तामार, तू काही केलंस का गं...?"

"मी कागद चिकटवते, मालक. भट्टीच्या आत काय होतं, ते आम्हा बायकांना काय ठाऊक?"

तिसऱ्या भाजणीला तो स्वतः भट्टीसमोर खुर्ची टाकून बसला. दुपार कलली तेव्हा खुर्चीवर फक्त टोपी होती. दाराची एक वीटही हललेली नव्हती.

जेबेझने मला बोलावून नेलं. तो पांढराफटक पडला होता.

"तामार... आतून ठोकतंय."

मलाही ऐकू येत होतं. त्याने पहार उचलली. मी त्याचा हात धरला.

"विटा तापल्या की वाजतातच, जेबेझ. कोळसा घाल."

भट्टी उघडली तेव्हा राखसुद्धा सापडली नाही. मगांवर दार पुन्हा बुजलेलं होतं आणि पुढे जमिनीवर नुसती टोपी पडली होती. त्यातला एक मग मी एप्रनखाली झाकून घरी आणला. तोच हा.

यात गरम चहा ओतला की आतून ठोकल्याचा आवाज येतो. रोज सकाळ-संध्याकाळ मी ओतते, उकळता. पण हल्ली ठोके दोघांचे येतात. एक जड हाताचा. दुसरा हलका, इनॉक लहानपणी घराचं दार वाजवायचा, अगदी तसा.

तरी मी चहा गार होऊ देत नाही.