चित्रातली मेंढी

टेबलावर ठेवलेला, ठावठिकाणा कळवणारा पट्टा चार किलोमीटरवर संदेश धाडत होता. तोच मेंढीच्या गळ्यात बांधला की संदेश समोरची टेकडीही ओलांडेना! असं का, हे तो बनवणाऱ्या मायाप्पाआजोबांना उमजेना आणि म्हाळसाला एका जागी बसवेना.

तिची लाडकी तांबडी मेंढी सदा कळप सोडून भटके. आज दुपारी मेंढरं कोकणाकडे निघणार होती. "पट्ट्यानं ठावठिकाणा कळला तर न्यायची, न्हाईतर बाजाराला धाडायची," असं तिच्या वडिलांनी, दादांनी, सकाळीच बजावलं होतं. आणि दादा बोलले की बोलले.

"आज्जा, आटपा की!"

"अगं, अँटेना (लहरी सोडणारी तार) उत्तम आहे. बघ." आजोबांनी संगणकावर सदृशीकरण (वस्तू न बनवता गणितानं घेतलेली तिची चाचणी) सुरू केलं. तारेभोवती रंग पसरले. "रेडिओलहरी दिसत नाहीत ना? म्हणून संगणक भोवतालच्या जागेचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येकात लहर किती जोरात आहे ते काढतो. लाल म्हणजे जोरदार, निळी म्हणजे क्षीण."

येरझारा घालणारी म्हाळसा थबकली. "पर ह्यात मेंढरू कुठंय?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "जन्मभर उपग्रहांच्या अँटेना केल्या, भोवती सगळी पोकळी! धनगराचा पोर मी, आणि मेंढीच विसरलो!"

मेंढीच्या अंगात बहुतेक खारट पाणीच, म्हणून त्यांनी चित्रात तशा पाण्यानं भरलेली मान घातली. लाल रंग झर्रकन मानेत शिरला आणि तिथंच विझला.

"खाल्लं की तिनं!"

"लहर पाण्यात जिरते. शिवाय पाणी चिकटलं की तारेचा सूर (तिला मानवणारी ठरावीक लहर) बिघडतो."

"मग मधी घोंगडं घाला!"

आजोबांनी चित्रात घोंगड्याचा एक पदर घातला, दुसरा, तिसरा. लाल रंग बाहेर फुलला. तार नखभर तोडली, तेव्हा आणखी फुलला. मगच त्यांनी खरी कात्री उचलली.

नवा पट्टा बांधून दादा तांबडीला टेकडीपलीकडे घेऊन गेले. पडदा कोराच राहिला. म्हाळसा आता रडणार, तोच तांबडीचा ठिपका उमटला!

दादा परतले, ठिपका पाहून नुसतं "हं" म्हणाले आणि त्यांनी तांबडीला कळपात सोडलं. म्हाळसा आनंदानं उड्या मारत निघाली आणि दहा पावलांवरून धावत परत आली.

"आज्जा, कोकणात दव लई पडतं. घोंगडं भिजलं तर?"

आजोबांनी मिटलेला संगणक पुन्हा उघडला. "तू हो पुढं. घाट उतरेपर्यंत मी चित्रातल्या मेंढीला घोंगड्यासकट भिजवून बघतो."