आठवड्याला एकच चित्र

"माझ्या चित्राचा खून झालाय," ती दारातूनच म्हणाली.

गितोच्या हातातलं तळलेलं केळं तोंडाजवळच थांबलं. योग्यकर्तातल्या त्या कचेरीत नवऱ्यावर पाळत ठेवायला सांगणाऱ्या बायका यायच्या, बायकांवर संशय घेणारे नवरे यायचे. चित्राचा खून घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

"आधी बस," रेत्नो म्हणाली. "मग पहिल्यापासून सांग."

रेत्नो पूर्वी विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडायची, आता स्वतःच्या नावावर तपास करायची. गितो तिचा चुलतभाऊ, तिला 'म्बाक' म्हणजे ताई म्हणायचा. तिची स्कूटर चालवायची आणि तिला सुचलेलं आपल्याला का सुचलं नाही याचं आश्चर्य करायचं, हे त्याचं काम.

बाईचं नाव लारास. चित्रकार. 'लांगित सोरे' या ऑनलाइन चित्रगटाची सभासद. रेत्नोला ती आदराने 'बु' म्हणत होती, म्हणजे बाई.

"गटाचा नियम आहे, बु. एका सभासदाला आठवड्याला एकच चित्र पाठवता येतं. आणि हा आठवडा साधा नव्हता. सिंगापूरचं एक कलादालन या आठवड्याच्या चित्रांतून एकाच चित्रकाराला निवडणार होतं. मी महिनोन्‌महिने खपून म्बाह सुमीचं चित्र केलं. कापडावर मेणाची नक्षी काढते ना, ती आजी. रविवारी संध्याकाळी पाठवायला बसले, तर पडद्यावर पाटी! 'या आठवड्याची तुमची मर्यादा संपली.'"

"म्हणजे आधीच काहीतरी गेलं होतं?"

"हे गेलं होतं." तिने मोबाईल पुढे केला. "माझ्याच खात्यावरून. माझं दोन वर्षांपूर्वीचं टाकाऊ रेखाटन. टॅबलेटमध्ये कुठेतरी पडलेलं."

गितो वाकून बघू लागला. अंगणातला बाक, चाफ्याचं झाड, मागे कौलारू छप्पर आणि छपराच्या कोपऱ्यात घाईघाईने फासलेला निळा रंग. खरंच टाकाऊ होतं.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"मागेलांगला, मावशीकडे. दिवसभर. मावशीच्या जेवणाचे फोटोसुद्धा टाकलेत मी दुपारी, हे बघा. टॅबलेट स्टुडिओत राहिला होता. तो स्टुडिओ माझा आणि रांतीचा, तीही गटातलीच चित्रकार. तिनेही म्बाह सुमीच काढलीय." लारासच्या ओठांच्या कडा आवळल्या. "माझं चित्र नसलं तर कुणाचं निवडलं जाईल, हे सांगायला गुप्तहेर कशाला हवा?"

"मग माझ्याकडे का आलीस?"

"पुरावा हवाय. दुसऱ्याच्या खात्याला हात लावला तर गटातून हकालपट्टी. चित्रासकट."

ती गेल्यावर गितो म्हणाला, "म्बाक, हे तर उघडच आहे."

"उघड आहे खरं," रेत्नो म्हणाली. "चल, स्कूटर काढ."

गटाचा व्यवस्थापक हार्दो हा निवृत्त चित्रकला शिक्षक होता; सगळे त्याला आदराने पाक हार्दो म्हणायचे. मर्यादेबद्दल विचारताच त्याचा चेहरा खुलला.

"मर्यादा नव्हती तेव्हा काय व्हायचं माहितेय? एकेक जण सकाळी उठला की मांजराची वीस चित्रं ओतायचा! चांगलं काम खाली गाडलं जायचं. आता एक म्हणजे एक. माणूस निवडायला शिकतो."

"चुकून भलतंच गेलं तर?"

"तर परत घ्यावं. चित्र पोचलं की लगेच चित्रकाराच्या मोबाईलवर निरोप जातो. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजानंतर मी पेटी उघडतो. तोवर परत घेतलं तर जागा मोकळी होते. एकदा मी उघडलं की संपलं."

"लारासचं केव्हा आलं होतं?"

"भरदुपारी. मलाही नवल वाटलं, असलं काय पाठवलंय म्हणून."

"तुम्ही दुसऱ्याच्या खात्यावरून पाठवू शकता?"

"छे! मी फक्त घेऊ शकतो किंवा नाकारू शकतो. खातं ज्याचं त्याचं. मोबाईलवर उघडा नाहीतर टॅबलेटवर, सगळं सामान दोन्हीकडे दिसतं." तो हळहळला. "लारासने तक्रार केलीय म्हणून रांतीचं चित्र मी अडवून ठेवलंय. उद्या दुपारी सिंगापूरला कळवायचंय. तोवर निकाल लागला नाही तर पोरीची संधी गेली."

स्टुडिओच्या अंगणात तोच बाक होता, तोच चाफा. रांती अनवाणी पायांनी ब्रश धूत बसली होती. गितोने वर बघितलं. छपरावर निळी ताडपत्री फडफडत होती.

"गळतंय वाटतं?" रेत्नोने विचारलं.

"शेजारच्या माडावरून नारळ पडला गेल्या आठवड्यात. कौलं फुटली. मालक म्हणतो नारळाला जाऊन विचारा." रांती हसली आणि लगेच गंभीर झाली. "लारासने माझं नाव घेतलं ना, बु? रविवारपासून ती माझ्याशी बोलत नाहीये. टॅबलेट इथे होता, मी एकटीच होते. हात लावायचा असता तर लावता आला असता. नाही लावला. याहून जास्त मी काय सांगू?"

आत दोन्ही चित्रं भिंतीला शेजारी-शेजारी टेकवली होती. लारासची म्बाह सुमी देखणी होती. बोटं जागच्या जागी, लुगड्याची घडीन्‌घडी नीट. गितोला ती फार आवडली. मग त्याने रांतीचं बघितलं. म्हातारी मेणाच्या लेखणीवर फुंकर घालत होती. गितो नकळत एक पाऊल मागे सरला, गरम मेण पायावर पडेल म्हणून.

रेत्नो गितोच्या पायांकडे बघत होती.

लारासचा नवरा योगा कॉफीचं दुकान चालवायचा. बायकोचा विषय निघताच त्याने हातातलं फडकं आपटलं.

"तिचा पासवर्ड मला माहीत आहे, हो. लग्न झालंय आमचं. पण मी कशाला पाठवू? माझा गुन्हा वेगळाच आहे, बु. मी एकदा, फक्त एकदा म्हणालो की रांतीची म्बाह सुमी आत्ता बोलेल असं वाटतं. त्या दिवसापासून घरात माणसं बोलत नाहीत, भांडी बोलतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेत्नोने कचेरीत फक्त लारासला बोलावलं.

"सगळ्यांना नाही बोलवायचं?" गितोने हळूच विचारलं.

"ज्यांनी काही केलं नाही त्यांना कशाला?"

लारास येऊन बसली. "मिळाला पुरावा?"

"मिळाला. ते रेखाटन पुन्हा दाखव. छपरावर हा निळा रंग कसला?"

"असेल काहीतरी. आभाळ."

"आभाळ कौलांवर पसरत नाही. ती ताडपत्री आहे. नारळ पडून कौलं फुटली त्यानंतरची. म्हणजे रेखाटन गेल्या आठवड्यातलं आहे. तू मला सांगितलंस, दोन वर्षांपूर्वीचं."

"मग... मग रांतीनेच काढलं असेल!"

"तसं असतं तर बघताक्षणी तू ओरडली असतीस, 'हे माझं नाही!' तू म्हणालीस, माझंच आहे, जुनं आहे. आपलं चित्र न ओळखणारा चित्रकार मी अजून बघितला नाही. ते तूच काढलंस, आणि ताजं आहे हे लपवलंस."

गितो खुर्चीत पुढे सरकला.

"दुसरं," रेत्नो म्हणाली. "रेखाटन भरदुपारी गेलं. निरोप लगेच तुझ्या मोबाईलवर आला. मोबाईल तुझ्या हातात होता, तू मावशीच्या जेवणाचे फोटो टाकत होतीस. पाक हार्दो मगरिबनंतर पेटी उघडतात. तोवर परत घेतलं असतंस तर जागा मोकळी झाली असती. घेतलं नाहीस, कारण पाठवलं तूच होतंस. खातं मोबाईलवर उघडतं, त्यासाठी मागेलांगहून यावं लागत नाही."

"पण म्बाक," गितोला राहवेना, "स्वतःचीच जागा स्वतःच कोण घालवेल? हिचं चित्र एवढं सुंदर आहे!"

"दोन्ही चित्रं शेजारी बघितलीस ना? मागे कुठल्या चित्रासमोर सरलास?"

गितोने पाय खुर्चीखाली ओढले.

"ती चित्रं गटात शेजारी-शेजारी लागली असती," रेत्नो लारासकडे वळली. "सगळ्यांनी बघितली असती. नवऱ्याने आधीच बघितली होती. हरण्यापेक्षा खेळायलाच मिळालं नाही, असं झालेलं बरं. वर दोष रांतीवर. तीही बाहेर, तिची म्बाह सुमीही बाहेर."

लारासने हातातला मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. मग तिचा आवाज फुटला.

"म्बाह सुमीला मी शोधलं होतं, बु! मी तिच्या घरी जायची, मी तिच्याजवळ बसायची. रांती एक दिवस नुसती माझ्यासोबत आली. एकच दिवस! आणि घरी येऊन तिने हे काढलं. मी त्याच म्हातारीकडे महिनोन्‌महिने बघत होते, मला का नाही दिसली ती फुंकर?"

 रेत्नोने आल्याच्या गरम पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"दुपारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "पाक हार्दोंना मी फोन करू शकते. तूही करू शकतेस."

लारासने डोळे पुसले, नंबर लावला आणि उठून खिडकीशी गेली.

"पाक? मी लारास. रांतीचं चित्र पाठवा... नाही, तिने काही केलेलं नाही. मी केलं... हो, मीच." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ती मान हलवत ऐकत होती. "खोट्या तक्रारीबद्दल हकालपट्टी तर होणारच, माहीत आहे मला. तिला खरं काय ते सगळं सांगा."

ती फोन ठेवणार होती, तेवढ्यात तिने तो पुन्हा कानाला लावला.

"पाक, पण मी रडत होते हे मात्र तिला सांगू नका."