पुसू नये

आमची शाळा परळच्या चाळींच्या मागे आहे. सकाळचं सत्र सव्वाबाराला सुटतं, दुपारचं एकला भरतं. मधल्या पाऊण तासात वर्ग झाडायचे, हे माझं काम. मी मालन, शाळेची मावशी.

चाळिशी ओलांडेपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. याच पाऊण तासात, चौथीच्या वर्गात, सुचित्राबाईंनी आम्हा चौघांना शिकवलं. मीराबाई, गणपत, पुतळाबाई आणि मी. शेवटच्या दिवशी आम्ही फळ्याच्या उजव्या कडेला एकाखाली एक आपापली नावं लिहिली. बाईंनी भोवती चौकट काढली आणि वर लिहिलं, 'पुसू नये'. पुढच्या तासाला कुणी मजकूर पुसू नये म्हणून सगळेच शिक्षक असं लिहितात. दुसऱ्या दिवशी ते पुसलं जातं. आमचं कुणी पुसलं नाही.

दर मे महिन्यात मी फळ्याला काळा रंग द्यायचे, चौकट सोडून. वर्गात टीव्ही आला, तो बिघडला. प्रोजेक्टर आला, त्याचा दिवा गेला. चौकट होती. खडूचं लिहिलेलं इतकी वर्षं टिकत नाही, हे मलाही कळतं. मी कधी कारण शोधलं नाही.

यंदा जूनमध्ये पॅनेल आलं. दाराएवढी काळी काच. बोटाने लिहायचं, तळहाताने पुसायचं. मुख्याध्यापिका मीनाक्षी मॅडम फळ्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, ते आधी पुसून घ्या."

"मॅडम, 'पुसू नये' लिहिलंय."

"कुणी?"

"सुचित्राबाईंनी."

"अहो, त्यांना जाऊन दहा वर्षं झाली!" त्या हसल्या. "आणि आता लिहायचंय कुणाला? बोललं की हेच लिहून देतं."

मी पुसलं नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फळ्यावरच पॅनेल ठोकून घेतलं. कपाटातले सगळे खडू कचऱ्यात टाकायला लावले. मी टाकले. एक ठेवला.

जुलैत एका दुपारी पॅनेलखाली पांढरी पूड दिसली. ड्रिलची असेल म्हणून झाडली. दुसऱ्या दिवशी तेवढीच. बोटावर घेऊन चोळली. सिमेंट खरखरतं, हे मऊ होतं. खडूच. अख्ख्या शाळेत तेव्हा एकही खडू नव्हता. माझा घरी डब्यात होता.

मीराबाई श्रावणात चाळीच्या गॅलरीत पोथी वाचते, बायका ऐकायला जमतात. यंदा पहिल्या सोमवारी तिने पोथी उघडली आणि नुसती बसून राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मालन, हे मुंगळे कसले गो?"

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. वय झालं.

गणपत आमच्या चाळीच्या नोटीसच्या फळ्यावर लिहायचा. पाणी कधी येणार, कुणाचं बारावं, मंडळाची मीटिंग. गणपतीला आठ दिवस उरले आणि फळा कोरा.

"काय रे, संप केलास?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "हात उठता," म्हणाला, "पण अक्षर येणा नाय."

पुतळाबाई मासळी विकते. दुबईच्या नातीला ती रोज फोनवर दोन ओळी लिहायची. पितृपक्षात नातीने मला फोन केला. "मालनआजी, आमची आजी आता नुसते अंगठे पाठवते. एका ओळीत दहा-दहा!" पोरगी हसत होती.

फळ्यावर नावं याच क्रमाने होती. चौथं माझं.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "पॅनेल काढा." सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मोबाइल बघत.

"वय झालं की होतं असं, मावशी. आणि खरं सांगू? तुमचं काय अडतं? झाडायला अक्षर कशाला लागतं?"

माझी खोली दिराच्या नावावर गेली ती एका कागदावर. कागद काय आहे हे मी विचारलं होतं. "रेशनचा आहे, वहिनी," असं सांगितलं होतं. मी अंगठा दिला. झाडायला अक्षर लागत नाही, मॅडम. राहायला लागतं.

त्या दुपारी मी पॅनेलचा प्लग काढला आणि वायर कापली. चार दिवस ते बंद होतं. कुणी काचेला हात लावला नाही.

पूड पडतच होती.

पाचव्या दिवशी सकाळी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला. प्रत्येक किल्लीला मीच चिठ्ठी बांधली होती. एका चिठ्ठीवरचं मला लागेना. बराच वेळ उभी राहिले, तेव्हा कुठे 'प्रयोगशाळा' दिसलं.

साडेबाराला मी चौथीच्या वर्गाचं दार आतून लावलं. पॅनेल आणि भिंतीत चार बोटांची फट आहे. मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं.

चौकट जशीच्या तशी. वरच्या तीन ओळी पुसलेल्या, तळहात फिरवावा तशा. चौथ्या ओळीत 'मालन'. शेवटचं अक्षर फिकट झालेलं.

मी खडू आणला होता. फटीतून दंड खरचटत हात आत घातला आणि पहिल्या ओळीत 'मीराबाई' लिहिलं. खडू उमटला नाही. जोर दिला. काहीच नाही. ओल्या फळ्यावर फिरवावा तसा तो घसरत राहिला.

आत फळा कोमट होता.

मला मीराबाई आठवली, मांडीवर उघडी पोथी घेऊन बसलेली. मग मॅडमचं हसणं आठवलं.

मी त्याच ओळीत दुसरंच नाव लिहिलं.

ते एका झटक्यात उमटलं.

सोमवारी पूड पडली, जरा जास्तच. मी फटीतून पाहिलं. माझं नाव ठळक होतं, काल लिहिल्यासारखं.

गुरुवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात कागद होता, ऑफिसातून आलेला.

"मावशी, जरा वाचून दाखवता? चष्मा विसरले मी."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. कागद उलटा होता.

मी सुलटा केला आणि सावकाश, एकेक अक्षर लावून, सगळा वाचून दाखवला. त्या माझ्या बोटाकडे बघत होत्या.

"सही कुठे करायची?" त्यांनी विचारलं.

मी जागा दाखवली. मग टेबलावरचं शाईचं पॅड उघडून त्यांच्यापुढे सरकवलं.

माझ्या नावाच्या वर अजून दोन ओळी रिकाम्या आहेत. खडू अर्धा उरलाय.