सैल झाकणं

“मावशी, सगळी मेली गं! आत्ताच्या आत्ता ये.”

भाचीचा फोन ठेवून फौजदारमावशी तशाच निघाल्या. पोलिसातली नोकरी संपली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

भाचीच्या मागच्या खोलीत टिश्यू कल्चर चाले, म्हणजे हवाबंद, निर्जंतुक बाटल्यांत रोपं वाढवणं. तिच्या वारलेल्या सासूने लावलेलं ब्लूबेरीचं झुडूप मुळं कुजून गेलं होतं. त्याच्या शेंड्यांपासून बाटल्यांत वाढवलेली रोपं एवढीच आता त्या माऊलीची खूण. आणि फळीवर जिकडे बघावं तिकडे बुरशी! भाचीने हातपाय गाळले होते.

“मदतनीसबाईनेच केलं हे. झाकणं इतकी आवळते की उघडता उघडत नाहीत. काल झापलं तिला. तिने उट्टं काढलं.”

दाराशी उभी मदतनीसबाई मुकाट्याने डोळे पुसत होती.

“इथे आणखी कोण येतं?”

“मामंजी. रोपांशी बोलत बसतात.”

मावशींनी बाटली उजेडात धरली. बुरशी रोपाच्या बुडाशी नव्हती, तोंडाकडून खाली उतरली होती. झाकण जागेवर होतं, पण सैल. दुसरं, तिसरं, तेही तसंच.

“एवढी बुरशी कितीशा वेळात वाढते?”

“आठवडा तरी लागतो. या फळीकडे आठवडाभर बघितलंच नाही मी.”

मावशी सासऱ्यांच्या खोलीत गेल्या. बाहेर कडाक्याची थंडी आणि खिडकी सताड उघडी.

“लावू का हो, व्याही?”

“नको. शेवटी तिला श्वासच मिळेना. तेव्हापासून बंद खिडकी सोसत नाही मला.”

मावशींनी खिडकी तशीच ठेवली. त्यांनी भाचीला बाहेर बोलावलं.

“तू रागावलीस काल, बुरशी आठवड्याची. म्हणजे बाई सुटली. वाटोळं करणारा झाकणं परत जागेवर ठेवत बसत नाही. ही कुणीतरी मायेने सैल केलीत.”

“मामंजी?”

सासरे दारातच उभे होते. “काचेला आतून घाम सुटला होता, सूनबाई. पोरं गुदमरत होती. थोडी हवा दिली मी. बरं वाटतंय ना त्यांना?”

त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

“मागे कोपऱ्यात एक राहिली बघ. तिचं झाकण काही माझ्याच्याने उघडेना.”

भाची धावली. कोपऱ्यातली ती बाटली स्वच्छ होती, आत रोप हिरवंगार. तिने मदतनीसबाईकडे पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. बाटली तिने छातीशी घट्ट धरली.

सासरे मात्र विनवतच होते, “उघड ना गं. गुदमरेल ती.”