पुलाला हात लावू नकोस

चित्र तसं साधंच होतं. बर्फ, गोठलेली नदी, दोन्ही काठांवर उघडीबोडकी झाडं, मधे लाकडी पूल आणि पलीकडे नखाएवढी, शाल पांघरलेली एक बाई.

जुनी चित्रं साफ करणारा तो गडी एकटाच राहायचा. आई गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं, म्हणून कामाचं टेबल त्याने स्वयंपाकघरातच मांडलं होतं. निदान किटलीचा आवाज तरी सोबतीला. चित्र घेऊन आलेल्या आजींनी बजावलं होतं, "बाकी काय ते पूस. पुलाला हात लावू नकोस."

कापसाचा बोळा फिरवताच त्याला कळलं, पूल मागाहून काढलाय, तोही नवख्या हाताने. अशी भर खरवडून काढायची हा धंद्याचा नियम. त्याने फोन लावला. आजी म्हणाल्या, पूल मीच काढलाय. थोरली बहीण पलीकडे राहिली, तिला यायला वाट नको? त्याने आपली विद्वत्ता पाजळली: अशा चित्रांत उघडं झाड म्हणजे मरण आणि पूल म्हणजे शेवटचा प्रवास, असं पुस्तकं सांगतात.

"पुस्तकांना कुणाची वाट बघायची नसते," आजी म्हणाल्या. "झाडांना पानं असती तर ताई मला दिसली असती का?"

म्हातारीचा स्क्रू जरा ढिला दिसतोय, असं म्हणत त्याने पूल राहू दिला.

पिवळं पडलेलं वॉर्निश निघालं तसा बर्फ पांढरा झाला. शालवाली आता पुलाच्या तोंडाशी होती. आधी आपणच नीट पाहिलं नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुलाच्या मध्यावर आली. तो घाबरला, हे खरं. पण टेबल काही त्याने हलवलं नाही. उलट चहा करता करता तिच्याशी बोलू लागला: नळ गळतो, शेजारी शिष्ट आहेत, आई असती तर. फार दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

मग एका सकाळी पूल रिकामा दिसला. बर्फातली पावलं अलीकडे येऊन चौकटीशी संपली होती.

टेबलाखालची फरशी ओली होती. किटली गरम होती.

आजी चित्र न्यायला आल्या. दारातच चित्रावर गुंडाळलेलं कापड सारून पाहत राहिल्या. चेहरा उजळला, मग हळूहळू उतरला.

"आली की रे. पण घरी नाही आली." त्यांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. "इथे आली होती का कुणी?"

आत किटली खदखदत होती.

"नाही, आजी. कुणीच नाही."

चित्र उराशी धरून त्या जिना उतरल्या. स्वयंपाकघरातून हलकेच प्रश्न आला, "माझी धाकटी आली होती का रे?"

"नाही, ताई," तो म्हणाला, आणि त्याने दाराला कडी घातली.