दोन चमचे पिवळा

गाडी रंगवायला दोन चमचे रंग मागणारं गिऱ्हाईक मामाच्या दुकानात त्याआधी कधी आलं नव्हतं.

"दोन चमचे?" मामाच्या भाचीनं मान वर केली. चष्मा नेहमीप्रमाणे घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. "अहो, दोन चमच्यांत गाडीचा आरसासुद्धा व्हायचा नाही."

"माझी अख्खी गाडी होईल," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "वर थोडा उरेलसुद्धा."

शर्टाच्या खिशातून त्यानं एक काडेपेटी काढली आणि हळूच उघडली. आत कापसावर गाडीचं दार होतं, अंगठ्याएवढं. त्याला हँडल होतं, किल्लीचं भोक होतं, आतल्या बाजूला काच फिरवायची दांडीसुद्धा होती!

मामा वाकून वाकून पाहू लागला. "पोरा, बाकीची गाडी कुठाय? चोरीला गेली?"

ती खुदकन हसली. तोही हसला… आणि तिथंच सगळं फसलं.

मामाचं दुकान गाड्यांच्या रंगाचं. ज्याला जिथे ओरखडा पडला असेल, त्यानं यावं. ती त्याच्या गाडीचा रंग मिसळून देणार, असा की ओरखडा कुठे होता हे मालकालाही सापडू नये. तिच्या हातचा डबा कधी परत आला नव्हता आणि याचा तिला भारी तोरा होता. तो दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवायच्या आणि संध्याकाळी घरी टेबलाशी बसून गाड्या करायच्या, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या. मामानं त्याचं नाव काडेपेटी ठेवून टाकलं.

काडेपेटीला मग वरचेवर रंग लागायला लागला. कधी लाल, कधी राखाडी.

"यात चमकी घालू?"

"नको. एवढ्याशा गाडीवर चमकीचा कण फुटाण्याएवढा दिसतो."

"भलतेच नखरे आहेत हो तुमच्या गाडीचे!"

"रंगमास्तरीणबाईंपेक्षा कमीच."

एकदा त्यानं इंजिन आणलं. त्यातल्या वायरी केसासारख्या बारीक होत्या आणि प्रत्येक वायर जिथे जायला हवी तिथेच गेलेली होती.

"बॉनेट बंद केल्यावर हे दिसणार कुणाला?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही. पण आत आहे, हे मला माहीत असतं ना."

असं म्हणून तो तिच्याकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ… आणि ती ढवळून झालेला डबा पुन्हा ढवळायला लागली. चष्मा घसरला. "काढू?" म्हणत त्यानं तो अलगद काढून घेतला, खिशातल्या छोट्या पकडीनं दांडी जराशी वाकवली आणि पुन्हा तिच्या नाकावर ठेवला. कानामागे त्याची बोटं क्षणभर लागली. त्या दिवसापासून चष्मा घसरायचा थांबला आणि तिला त्याचं वाईटच वाटलं. दुरुस्तीचं निमित्त गेलं की हातचं!

मग तो पिवळा तुकडा आला.

काडेपेटीतच होता, बोटभर कापड. "हा रंग हवाय. अगदी हाच. रंगांच्या तक्त्यातला जवळपासचा नको."

"कुणाचं कापड आहे?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहे एकीचा स्कार्फ," तो हसून म्हणाला. तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो लगबगीनं बाहेर गेला.

बाहेर ती 'एकी' उभी होती. गळ्यात तोच पिवळा स्कार्फ. उंच, सुरेख, आणि नाकावर चष्माबिष्मा काही नाही. ती खळखळून हसली, हसता हसता तिनं त्याच्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं. काय होतं एवढं झटकण्यासारखं? काही नव्हतं! हिनं इकडून नीट पाहिलं होतं.

"अगं, लक्ष कुठाय?" मामा ओरडला. "डबा उतू चाललाय."

रात्रभर तिच्या जिवाची नुसती तगमग झाली. सकाळी कामाला बसली तर समोर तो तुकडा. दुसरीच्या गळ्यातला रंग आपल्या हातानं मिसळायचा, आणि तोही तंतोतंत! ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून ती मिसळलेला रंग फासलेली पट्टी घेऊन दारात उन्हात गेली. कापड शेजारी धरलं. कापड कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो, कळेना. आयुष्यात तिनं इतका देखणा पिवळा मिसळला नव्हता, आणि तो जाणार होता त्या झटकणाऱ्या बाईच्या वाट्याला.

तिनं काळ्याची बाटली उचलली. एक थेंब टाकला… फक्त एक. ढवळलं तसा पिवळ्याचा चेहराच पडला. आंबट, शेवाळलेला, धड पिवळा नाही धड हिरवा नाही. तिनं झाकण बुक्कीनं बंद केलं.

तो संध्याकाळी आला आणि झाकणही न उघडता छोटासा डबा खिशात टाकला. "तुम्ही केलाय म्हणजे पाहायलाच नको."

हे ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाक मारावी असं वाटलं, पण बाहेर रस्त्यावर पिवळं काहीतरी हललं आणि तिनं पुढचा डबा ढवळायला घेतला.

त्यानंतर तो फिरकलाच नाही. डबा परत नाही, तक्रार नाही. एखाद्यानं येऊन भांडावं तरी! ती दारात गाडी थांबली की मान वर करायची आणि गिऱ्हाईक उतरलं की त्याच्यावर खेकसायची.

"काडेपेटी बऱ्याच दिवसांत दिसली नाही," मामा म्हणाला.

"मला काय विचारतोस? त्या स्कार्फला विचार."

"हां… म्हणजे आग तिथे लागलीय होय!" मामा मिशीत हसला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

आणि एका दुपारी तो आला. हातात दोन खोकी. पहिलं उघडलं, तर आत पिवळी गाडी. लखलखीत, तंतोतंत स्कार्फच्या रंगाची. तिनं ती उचलून उजेडात धरली.

"हा माझा रंग नाही."

"नाही. नाक्यावरच्या दुकानातला आहे."

खरं तर तिनं आता शरमेनं मान खाली घालायची. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही दुसऱ्या दुकानात गेलात? कोण मिसळतं तिथे?"

"एक आजोबा आहेत. कवळी लावतात."

"त्यांना नात वगैरे नाही ना?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आतून मामाचा खोकला ऐकू आला. त्यात खोकला कमी आणि हसू जास्त होतं.

"ही गाडी उद्या स्कार्फवालीकडे जाईल," तो म्हणाला. "लग्न आहे तिचं. होणाऱ्या नवऱ्यानं पहिली गाडी विकली, अजून हळहळतो. म्हणून तिनं त्याच्यासाठी तश्शीच छोटी करून घेतली. रंग तेवढा स्वतःच्या आवडीचा."

"म्हणजे… नवरा तुम्ही नाही?"

"मला कुठली गाडी? मी बसनं फिरतो."

"पण ती आवडायची तुम्हाला."

"कॉलेजात असताना. आवडायची. खोटं कशाला बोलू?"

तिला बरंही वाटलं आणि सुईही टोचली, दोन्ही एकदमच. मग तिला राहवेना. "मी काळा घातला. मुद्दाम. एक थेंब."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझा हात चुकत नाही. म्हणजे मुद्दामच. पण मुद्दाम का… ते शोधत बसलो. डबा उघडून रोज बघायचो. मी जरा मठ्ठच आहे, वेळ लागला." अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. "आणि कळल्यावर हे करायला घेतलं."

त्यानं दुसरं खोकं उघडलं. मामाच्या दुकानाची व्हॅन! मागच्या दाराचा पोचा जिथल्या तिथे. डॅशबोर्डवर ढवळायच्या काड्यांचा पेला. चालवणाऱ्याची सीट पार पुढे सरकवलेली, कारण खरी व्हॅन तीच चालवते आणि तिचे पाय पोचत नाहीत. आणि रंग तोच. आंबट, शेवाळलेला.

"आमची व्हॅन पांढरी आहे," ती कशीबशी म्हणाली.

"असेल. पण हा रंग कुठल्याच तक्त्यात नाही. माझ्यावरून आजवर कुणी एवढं जळलं नव्हतं गं. फेकवेना."

तिचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती व्हॅनच्या खिडकीशी आणखी वाकली आणि तिच्या लक्षात आलं.

"शेजारची सीट कुठाय?"

त्यानं खिशातून काडेपेटी काढली. कापसावर एक सीट होती, रेशमी फितीच्या पट्ट्यासकट. "बसवली नाही. म्हटलं, आधी विचारावं. तुझ्या शेजारी… जागा आहे का?"

"चिमटा दे," ती म्हणाली. सीट उचलली, खिडकीतून आत नेली आणि तिचा कधी न हलणारा हात नेमका तेव्हा थरथरला. सीट किंचित वाकडी बसली, चालवणारीकडे कललेली.

"सरळ करू?"

"नको," तो घाईनं म्हणाला. "तशीच राहू दे."

तिनं चिमटा खाली ठेवला, डोळे पुसले आणि चष्मा नीट केला. "एक सांगून ठेवते. नाक्यावरच्या आजोबांकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"आणि टाकलं तर?"

"टाकून बघ," ती म्हणाली. "काळ्याची अख्खी बाटली आहे माझ्याकडे."